द्राक्षबागेवर चालणारा दवाखाना



गेले चार रविवार आम्ही जर्मनीत फिरतोय. विमानानं नव्हे, फोनवर. आमच्या गटातल्या काकूंची धाकटी लेक नर्स आहे. जर्मन भाषा शिकून, परीक्षा देऊन ती तिकडच्या एका वृद्धाश्रमात कामाला लागली. तिची दुपारची सुट्टी आणि आपली चार वाजताची चहाची वेळ जुळते. त्यामुळं दर रविवारी गटाच्या खोलीत भिंतीला टेकवून फोन ठेवायचा, समोर आम्ही दहा-बारा जणी, आणि पलीकडं ती चालत चालत गाव दाखवणार, असा बेत ठरला. गावाचं नाव वुर्त्सबुर्ग. बव्हेरिया राज्याच्या उत्तरेला, माइन नदीकाठी. वस्ती सव्वा लाखाच्या वर. आणि गावाची ओळख सांगायची तर द्राक्ष आणि वाइन.

वाइन म्हटल्यावर आमच्यात लगेच कुरबुर झाली. अक्का म्हणाल्या, "आपण गावातलं दुकान बंद करायला मतदानाला उभ्या राहिलो, आडव्या बाटलीवर शिक्के मारले, आणि आता दारूचं गाव बघत बसायचं व्हय?" बोलणं खरंच होतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद, हे आपल्याकडं शाळेत न गेलेल्या आजीलाही कळतं. काकूंच्या लेकीनं तिकडून हसत एक बाटली दाखवली. हिरवी, पोट फुगलेली पण दोन्ही बाजूंनी चपटी, जुन्या काळच्या पाण्याच्या चामडी बुधल्यासारखी. तिला म्हणतात बॉक्सबॉयटल. शेतात आडवी ठेवली तर उतारावरून घरंगळत नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या चांगल्या वाइनच्या नावावर भेसळीचा माल खपायला लागला, तेव्हा नगर परिषदेनं अस्सल माल याच बाटलीत भरून मोहोर लावायची असं ठरवलं. अक्का म्हणाल्या, "म्हंजी ह्यांची बाटली पहिल्यापास्नंच आडवी." त्यावर हशा झाला आणि फिरणं सुरू झालं.

आम्ही द्राक्षपट्ट्यातल्या बायका. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, विरळणी, डिपिंग, मग बेदाण्याच्या शेडवर रॅकवर माल पसरणं, यात आमचं वर्ष जातं. त्यामुळं राजवाडा दिसायच्या आधी आमचं लक्ष बागेवर. गावाच्या डोक्यावर 'श्टाइन' नावाची टेकडी आहे. श्टाइन म्हणजे दगड. खाली नदी, वर दक्षिणेकडं तोंड केलेला सरळ उतार, आणि त्या उतारावर सुमारे ८५ हेक्टर सलग द्राक्षं, म्हणजे दोनशे एकरांच्या वर. आपल्यासारखा मांडव नाही. ओळीनं तारा, त्याला बांधलेल्या वेली. जमीन चुनखडीची. दिवसा दगड तापतो, रात्री ती ऊब वेलीला मिळते. आपण उन्हापासून घड झाकतो आणि ते उन्हाचा तुकडा न् तुकडा गोळा करतात. वर्षाला एकच छाटणी, ती थंडीत, आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. इथली खास जात सिल्व्हानर. ती १६५९ मध्ये जवळच्याच कास्टेल गावात पहिल्यांदा लावली. पुढं श्टाइनवरही आली.

या बागा कुणाच्या, हे मावशींनी विचारलं. आपल्या मनात दुसरा प्रश्न येतच नाही, बाग दिसली की सातबारा आठवतो. उत्तर ऐकून मात्र आम्ही सगळ्याच सरसावून बसलो. त्यातल्या पुष्कळशा बागा दवाखान्यांच्या आहेत.

गावात दोन जुनी धर्मादाय संस्थानं आहेत. पहिलं ब्युर्गरश्पिटाल, १३१६ साली योहानेस फॉन श्टेरेन नावाच्या श्रीमंत नागरिकानं म्हाताऱ्या आणि गरजू लोकांसाठी काढलेलं. दुसरं युलियुसश्पिटाल. त्याची पायाभरणी १२ मार्च १५७६ ला झाली. त्या काळी या प्रदेशाचा राजा आणि धर्मगुरू एकच असे, त्याला राजबिशप म्हणत. तेव्हाचा राजबिशप युलियुस एख्टर यानं गरीब, आजारी, अनाथ पोरं आणि वाटसरू यांच्यासाठी हा दवाखाना बांधला. नुसता बांधला नाही, तर त्याच्या नावावर द्राक्षबागा, शेती आणि जंगल लावून दिलं. अट अशी की जमीन विकून खायची नाही. तिच्या उत्पन्नावर दवाखाना चालवायचा. आज साडेचारशे वर्षं झाली. युलियुसश्पिटालकडं सुमारे १८० हेक्टर द्राक्षबाग आहे, म्हणजे साडेचारशे एकरांच्या आसपास. जर्मनीतल्या मोठ्यातल्या मोठ्या वाइन बागाईतदारांत त्यांची गणती होते. आणि त्यांच्या पसाऱ्यात आजही रुग्णसेवा, वृद्धाश्रम आणि शेवटच्या दिवसांतल्या रोग्यांची सेवा करणारं घर आहे. ब्युर्गरश्पिटालकडंही सुमारे १२० हेक्टर बाग आहे आणि म्हाताऱ्यांची घरं आहेत.

आता हे आम्हाला इतकं का लागलं, ते सांगायला हवं. आमच्या ग्रामसंघात गेलं वर्षभर एकच भांडण चाललंय. दहा वर्षांची बचत, अंतर्गत कर्जाचं व्याज, मिळालेला निधी, असं करत एक बऱ्यापैकी रक्कम साठली आहे. निम्म्या जणी म्हणतात, वाटून घेऊ, प्रत्येकीच्या हाती चार पैसे येतील, लेकीचं लग्न आहे, घराचा पत्रा बदलायचाय. निम्म्या म्हणतात, मुद्दल मोडायचं नाही, त्याच्या व्याजातून आजारपणाचा निधी करू. मागच्या हंगामात आमच्यातली एक जण बेदाण्याच्या शेडवर रॅकवरून पडली. मांडीचं हाड मोडलं. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यानं आधी पैसे भरा म्हटलं, आणि तिच्या नवऱ्यानं सावकाराकडून शेकडा पाच टक्के महिन्यानं उचलले. ते व्याज ती अजून फेडतेय. गटाच्या खात्यात तेव्हा पैसे होते. पण आजारपणाला किती द्यायचे, कुणी सही करायची, असा ठरावच नव्हता. ही चूक आमची, संचालन करणाऱ्यांची.

म्हणून युलियुसश्पिटालचं ऐकल्यावर आमच्या डोक्यात पहिला हिशेब तोच बसला. मुद्दल म्हणजे बाग, व्याज म्हणजे द्राक्ष, आणि खर्च म्हणजे रोगी. एकीनं वहीत लिहूनही घेतलं. आम्हाला वाटलं, झालं, पुढच्या बैठकीत सांगायला गोष्ट मिळाली.

पण पुढच्या रविवारी काकूंची लेक थोडी गप्प होती. म्हणाली, "मी दवाखाना दाखवला, पण तो कुठल्या जागेवर उभा आहे ते सांगायचं राहिलं."

ती जागा ज्यू लोकांची दफनभूमी होती. ११४७ साली दुसऱ्या धर्मयुद्धाच्या धामधुमीत गावात ज्यूंची कत्तल झाली, तेव्हापासूनची. पुढच्या काळात आसपासच्या गावांतले ज्यूसुद्धा आपली माणसं इथंच पुरत. १५७६ साली युलियुस एख्टरनं ही जमीन घेतली. ज्यूंनी विरोध केला, तो चालला नाही. ज्या राजानं गरिबाला खाट दिली त्यानंच दुसऱ्याच्या आईबापाची कबर खणली. त्याच राजानं आपल्या राज्यातल्या प्रोटेस्टंट लोकांना, एक तर धर्म बदला नाहीतर गाव सोडा, असं सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. आम्हाला तो दवाखाना तरीही मोठाच वाटतो. फक्त गोष्ट सांगताना पाया लपवून सांगता येणार नाही, एवढं आमचं ठरलं.

बाजाराच्या चौकात एक देखणं चर्च आहे, मारियेनकापेले. बाहेर भाजीफुलांची दुकानं, वर लाल-पांढऱ्या रंगाचा उंच मनोरा. त्याच्या दारावर टिलमान रीमेनश्नायडर या गावच्या मूर्तिकारानं आदम आणि हव्वा घडवले होते, त्या मूर्ती आता संग्रहालयात ठेवल्या आहेत आणि दारावर नकला आहेत. हा मूर्तिकार एका सोनाराच्या विधवेशी, तिच्या मुलांसकट, लग्न करून मोठा कारागीर झाला. पुढं गावचा महापौर झाला. १५२५ च्या शेतकऱ्यांच्या बंडात गावानं शेतकऱ्यांची बाजू घेतली म्हणून कैदेत पडला आणि त्याचे हाल झाले. तर हे चर्च १३७७ पासून बांधायला घेतलं, तेही ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या जागेवर. १३४९ मध्ये प्लेगच्या भीतीच्या काळात ज्यूंची अख्खी वस्तीच जाळली होती.

आणखी एक गोष्ट ऐका. १९८७ साली प्लाइख भागात एक जुनी इमारत पाडत होते. ती पूर्वी जोगिणींच्या मठाची. तिच्या भिंतींतून कोरीव दगड निघायला लागले. एक, दोन, दहा, शंभर. शेवटी मोजले तर सुमारे दीड हजार. सगळ्या ज्यूंच्या कबरींवरच्या शिळा, बाराव्या ते चौदाव्या शतकातल्या, त्यावर मेलेल्या माणसांची नावं. दगड फुकट मिळाले म्हणून कुणीतरी भिंतीत चिणले होते. आता ते ज्यू समाजाच्या केंद्रात नीट जपून ठेवलेत. मध्ययुगातल्या ज्यूंच्या इतक्या शिळा एका ठिकाणी सापडणं फार दुर्मीळ.

तिसऱ्या रविवारी पाऊस होता. त्या दिवशी बोलणं द्राक्षावरून निघालं आणि भलतीकडं गेलं.

१६२६ साल. मे महिना संपत आलेला, वेलींना कोवळी फूट आलेली. आणि त्या अवेळी, फ्रँकोनियाच्या या सगळ्या पट्ट्यात कडाक्याचं दव गोठलं. एका रात्रीत बागा काळ्या पडल्या. मैत्रिणींनो, आपण गारपीट बघितली आहे. अवकाळी पाऊस आला की घडात पाणी शिरतं, मणी तडकतात, डाऊनी पसरतो. सकाळी बागेच्या बांधावर बसलेला माणूस कसा दिसतो, ते आपल्याला सांगायला नको. तिथंही माणसं तशीच बसली असतील. पण त्यांना कुणीतरी सांगितलं, हे आभाळाचं काम नाही, हे चेटकिणींचं काम आहे. आणि लोकच म्हणायला लागले, शोधा त्यांना.

तेव्हाचा राजबिशप होता फिलिप आडोल्फ फॉन एरेनबेर्ग. युलियुस एख्टरच्या अखेरच्या वर्षांतही बायका जाळल्या गेल्या होत्या, पण आता जे झालं त्याला सुमारच राहिला नाही. १६२६ ते १६३१ या काळात या एका राज्यात सुमारे ९०० माणसं मारली गेली असा अंदाज आहे. एकीला पकडायचं, छळ करून आणखी चार नावं काढायची, मग त्या चौघींना पकडायचं. सुरुवात गरीब म्हाताऱ्यांपासून झाली. मग सुईणी, मग सुखवस्तू घरच्या बायका, मग पुरुष, मग चर्चमधले पुजारी, मग लहान पोरंसुद्धा. दवाचा आणि त्या पोरांचा काय संबंध? १६३१ मध्ये तो बिशप मेला, त्याच वर्षी स्वीडनचं सैन्य गावात शिरलं आणि हे थांबलं.

एक यादी उरली आहे. १६२९ च्या फेब्रुवारीपर्यंत गावात २९ वेळा माणसं जाळली, त्यातल्या १५७ जणांची. काकूंच्या लेकीनं ती यादी तिकडच्या एका आजींच्या मदतीनं वाचली होती. ती म्हणाली, "मावशी, त्यात कितीतरी जणींना नावच नाही. अमक्याची बायको, तमक्याची विधवा, कुणी परकी बाई." खोलीत एकदम शांतता झाली. बाहेर पाऊस, आणि आमच्या फोनची बॅटरी चार टक्क्यांवर.

आपल्याकडं डाकीण ठरवून बाईला मारणं, गावातून हाकलणं हे काही फार जुनं नाही. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, आणि तो व्हावा म्हणून आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर झाला. चारशे वर्षांपूर्वीच्या जर्मनांना नावं ठेवायला आपल्याला फारशी जागा नाही.

राजवाडा राहिला ना? तोही बघितला. रेसिडेन्झ म्हणतात त्याला. १७२० मध्ये बांधायला घेतला, बाल्थाझार नॉयमान हा मुख्य स्थापत्यकार. जगाच्या वारसा यादीत त्याचं नाव १९८१ पासून आहे. आत शिरलं की प्रचंड जिना, आणि जिन्यावरच्या घुमटीला मधे एकही खांब नाही. त्या छतावर इटलीच्या टिएपोलोनं १७५२-५३ मध्ये चार खंडं रंगवली आहेत, चारही बायकांच्या रूपात. अमेरिका मगरीवर बसली आहे, आफ्रिका उंटावर, आणि आपली आशिया हत्तीवर. हत्ती दिसल्यावर आमच्यातल्या दोघींनी टाळ्या वाजवल्या. छान आहे, फार छान आहे. पण एक तारीख ध्यानात राहिली ती राहिलीच. टिएपोलो गावात आला १७५० च्या शेवटी. त्याच्या आदल्याच वर्षी, १७४९ मध्ये, मारिया रेनाटा नावाच्या सत्तरीला टेकलेल्या एका जोगिणीचं इथं चेटकीण म्हणून डोकं उडवलं आणि देह जाळला. राजवाड्याच्या भिंती तेव्हा उभ्या होत्या.

याच गावात ८ नोव्हेंबर १८९५ ला विल्हेल्म रोंटगेनना क्ष-किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी बायकोच्या, आना बेर्टाच्या हाताचं चित्र काढलं, हाडं आणि बोटातली अंगठी. त्यांनी या शोधाचं पेटंट घेतलं नाही, आणि १९०१ चं नोबेल मिळालं तेव्हा पैसे इथल्या विद्यापीठाला देऊन टाकले. आमच्या मोडलेल्या मांडीवाल्या ताई हे ऐकून म्हणाल्या, "त्या माणसानं फुकट दिलं, आणि माझ्या फोटोला दवाखान्यानं केवढं घेतलं!"

आता जे गाव दिसतं ते जुनं दिसतं, पण बरंचसं नवं आहे. १६ मार्च १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी वीस मिनिटांच्या आत जुन्या शहराचा सुमारे ९० टक्के भाग आगीत घातला. पाच हजारांच्या आसपास माणसं गेली. युद्ध संपायला दोन महिनेही उरले नव्हते. राजवाडा जळाला, पण जिन्यावरची ती घुमटी पडली नाही. नंतर जॉन स्किल्टन नावाच्या अमेरिकी अधिकाऱ्यानं खटपट करून लाकूड मिळवलं आणि वर छप्पर घालून घेतलं, म्हणून हत्तीवरची आशिया पावसात धुऊन गेली नाही. दरवर्षी १६ मार्चच्या रात्री सव्वानऊनंतर गावातल्या चर्चच्या घंटा वीस मिनिटं वाजत राहतात. काकूंच्या लेकीला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. ती म्हणाली, "वॉर्डातल्या आजी उठून बसल्या, आणि मी त्यांचा हात धरून उभी राहिले."

ढिगारे कुणी उपसले? गडी मेलेले किंवा कैदेत, त्यामुळं बायकांनी विटा साफ केल्या, पाट्या वाहिल्या. 'ढिगाऱ्यातल्या बायका' असा शब्दच जर्मन भाषेत आहे. अलीकडचे इतिहासकार म्हणतात की सगळ्या जर्मनीभर हे चित्र जरा वाढवून सांगितलं गेलं, यंत्रं आणि ठेकेदारांचे मजूरही होते, काही जणांना शिक्षा म्हणून जुंपलं होतं. तेही खरं असेल. पण विटेवरचा चुना बसून बसून खरवडणारी बाई काय करत होती, हे आम्हाला फोटो न बघताही कळतं.

चौथ्या रविवारी ती कामावरून सुटून थेट रेल्वे स्टेशनवर गेली. स्टेशनसमोर सामान पडलं होतं. बॅगा, पिशव्या, गुंडाळलेल्या वळकट्या. आम्हाला वाटलं, कुणाचं तरी राहिलंय. ते दगड, लाकूड, धातूचं आहे. हिटलरच्या राजवटीत १९४१ ते ४३ मध्ये या भागातल्या दोन हजारांहून जास्त ज्यूंना गाड्यांत घालून नेलं, त्यातल्या बहुतेकांना याच गावातून. परत आले ते मोजके. हे स्मारक २०२० साली उभं केलं, आणि ज्या ज्या गावातून माणसं नेली त्यांतल्या अनेक गावांनी आपापलं एकेक सामान करून पाठवलं. काकूंनी पदर डोळ्याला लावला. लेकीच्या निरोपाला त्यांनीच अशी वळकटी बांधून दिली होती आणि विमानतळावर वजन जास्त झालं म्हणून ती परत आणावी लागली होती.

आमच्या ग्रामसंघाची बैठक या पंधरा तारखेला झाली. मुद्दल मोडायचं की नाही, यावर ठराव अजून झालेला नाही. वाटून घ्या म्हणणाऱ्यांपैकी तिघींनी मत बदललं, आणि निधी ठेवा म्हणणाऱ्यांपैकी एक तिकडं गेली, तिच्या घराचा पत्रा खरंच उडालाय. आजारपणासाठी ताबडतोब किती रक्कम द्यायची आणि सही कोण करणार, एवढं मात्र लिहून झालं.

दुसरा एक ठराव अक्कांनी मांडला. त्यांनी आमचं पहिल्या वर्षाचं रजिस्टर मागवलं. त्यात आमच्याच अक्षरात लिहिलं होतं: पाटलांची सून, शिंद्यांची थोरली, वस्तीवरची म्हातारी. बेदाण्याच्या शेडच्या मस्टरवर तर नुसतं 'बायका ८' असतं. अक्का म्हणाल्या, "आधी हे नीट लिव्हा. पैशाचं मागनं बघू." त्या दिवशी संध्याकाळी साडेसातपर्यंत बसून आम्ही एकशे बारा नावं पुन्हा लिहिली. वस्तीवरची ती म्हातारी आता नाही. तिचं नाव विचारायला आम्ही उद्या तिच्या लेकीकडं जाणार आहोत.